काटा लावलेलं घर

जेवणाच्या सुट्टीत पान खायला म्हणून बद्रीनाथ बियाणं कंपनीच्या ऑफिसातून बाहेर पडला, आणि नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत, एका माणसानं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. बाजारात बैल बघतात तसं. आधी डोळे बघितले, मग हात, मग पायातल्या बुटांपर्यंत नजर नेऊन पुन्हा वर आणली. हा तातेराव, केदारखेड्याचा, गावाकडचा, रेशमाचे कोष विकायला जालन्याला आलेला. ओळख होती ती रामराम घालण्यापुरतीच. त्यानं दंड सोडला नाही. "बरे हाव ना, बद्रीभाऊ? ताप-बीप, छातीत दुखनं, गाडीवरून पडनं, असं काही?" बद्रीनाथ म्हणाला, बराय की, मला काय झालंय. "न्हाई, शालूताईनं सांगितलं व्हतं. जालन्याला चाल्लास तर आमच्या दादाला डोळ्यानं बघून ये म्हनली. फोनवर आवाज कळतो, मानूस कळत न्हाई म्हनली. गावातून कोनी बी हिकडं निघालं की तिचं हेच काम हाये. आता पंधरवडा राह्यला ना सहा महिन्याला. तिच्या जिवाला घोर लागून राह्यलाय." मग तातेराव हसला, दंडावर थाप मारून म्हणाला, "बराबर हाव तुमी. सांगतो तिला," आणि समोरच्या रिक्षात बसून निघूनही गेला.

पानाच्या टपरीशी बद्रीनाथ तसाच उभा राहिला. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, काय बांधू. सहा महिने. ते सहा महिने तो पार विसरून गेला होता. म्हणजे घर विसरला नव्हता. घराशिवाय तर डोक्यात दुसरं काही चालूच नव्हतं. पण ते सहा महिने आपल्या नावानं चालले आहेत, आपल्या जिवावर मोजले जात आहेत, गावातून येणारी एसटी, टेंपो, मोटारसायकल, यातल्या माणसांना बाजूला घेऊन कुणीतरी आपली खबर घ्यायला सांगतंय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. रविवारी केदारखेड्याला जायचं त्यानं ठरवलंच होतं. घर विकायला शालूचा, धाकट्या बहिणीचा, होकार घ्यायचा होता. आता रविवारपर्यंत थांबवेना. पान न खाताच तो परत गेला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटारसायकल काढली. बायकोला, वंदनाला, फोन करून गावाकडे जातोय म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आज एकदाचं बोलूनच या. कल्याणचा सकाळी पुन्हा फोन आल्ता."

अण्णा वैशाखात गेले. म्हातारपणानं, बाजेवर, सकाळच्या चहाआधी, कुणाला त्रास न देता गेले. पण गेले ते वाईट नक्षत्रावर. गुरुजींनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि मान हलवली. तिरडीवर कणकेचे पाच पुतळे ठेवायला लावले. ते पुतळे शालूनंच केले होते, घाईघाईनं, रडता रडता, आणि त्यांतल्या एकाचं डोकं उचलतानाच गळून पडलं होतं. एवढ्यावर भागणार नाही, गुरुजी म्हणाले, घर सहा महिने बंद ठेवा. दिवा नाही, केर नाही, कुणाचा पाय नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला जड आहे. आणि अंगणातल्या सगळ्या बायांनी बद्रीनाथकडे पाहिलं. कर्ता पुरुष! ज्या घरात वीस वर्षं तो पाहुण्यासारखा आला, सणाला जेवला, पिशवीत शेंगा घेऊन परत गेला, त्या घराचा तो कर्ता. त्याला हसू येत होतं आणि ते दाबताना चेहरा दुःखी दिसत होता, ते बरंच झालं. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. पण नाही म्हणायचं तर वाद आला, वाद आला तर चार दिवस मुक्काम आला, आणि ऑफिसात हंगामाचे दिवस. त्यानं मान डोलावली. तेरावं झाल्यावर दाराला कुलूप लागलं, कडीत बाभळीच्या काट्याची फांदी आडवी खोवली गेली, आणि शालू आपलं बोचकं घेऊन गल्लीपलीकडे कौसल्याकाकूंच्या पडवीत राहायला गेली. मान डोलावताना ती कुठं जाईल याचा विचार आपण केला नव्हता, हे त्याला आत्ता, राजूरच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना पहिल्यांदा जाणवलं. पडवी तरी आहे ना, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि गाडीचा वेग वाढवला.

शालू त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तिचं लग्न सिल्लोडकडे करून दिलं होतं आणि दोन वर्षांत ती परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, अण्णांनी विचारलं नाही, आणि बद्रीनाथला तेव्हा नुकती नोकरी लागलेली होती. मग आई गेली. मग शालू आणि अण्णा आणि ते घर, असं तिघांचं चालत राहिलं. ती अंगणवाडीत मदतनीस झाली. अण्णांचं दुखणंखुपणं तिनं काढलं, आणि घराचंही. कारण ते घर माळवदाचं. सागाच्या तुळया, त्यांवर काटक्या, काटक्यांवर लिंबाचा पाला आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. असलं छत माणसासारखंच असतं, दरसाल त्याला खाऊ घालावं लागतं. मृग लागायच्या आधी वर चढून नवी माती पसरायची, पाणी शिंपडून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, की पावसाळा निभतो. लहानपणी हे काम दोघं भावंडं करायची. अण्णा वरून दोर सोडायचे, बद्रीनाथ टोपली भरायचा, शालू वर अण्णांच्या हाताशी. टोपली भरताना माती डोळ्यांत जायची, दातांत कचकचायची. त्याला त्या मातीचा मनापासून राग होता. वर्षभर ती वरून झिरपत राहायची, बारीक, न दिसणारी. ताटात पडायची, अंथरुणात पडायची, वहीच्या पानांत सापडायची. शाळेत मुलं म्हणायची, बद्र्याच्या डोक्यात बघा, माळवद आलं. पुढं जालन्यात फ्लॅट घेताना त्यानं बाकी काही पाहिलं नाही, फक्त वर पाहिलं. स्लॅब. पांढरा, गुळगुळीत, गप्प. पहिल्या दिवशी त्या स्लॅबखाली जेवताना त्याला जो आनंद झाला होता तो वंदनाला सांगूनही कळला नसता. शालूला मात्र ती माती कधी टोचलीच नाही. ती तुळयांकडे बघून सांगायची, यंदा पाऊस मागल्या अंगानं लागेल. उन्हाळ्यात ती वरच झोपायची.

आणि याच शालूनं यंदा माती टाकली नाही. आषाढात एकदा भोकरदनला कंपनीच्या कामानं जाताना त्यानं उंचावरच्या रस्त्यावरून घराकडे पाहिलं होतं. माळवदावर गवत गुडघाभर वाढलेलं, एका कोपऱ्यात पाणी साचून चमकत होतं. तेव्हा त्यानं गाडी थांबवली नाही. घरी येऊन वंदनाला म्हणाला, "तिलाच घराची पडलेली नाही, आपण कशाला जीव काढायचा?" हे वाक्य त्याला फार सोयीचं वाटलं होतं. पुढं महिनाभर तो ते या ना त्या रूपात बोलत राहिला. अण्णा गेल्यावर तिचं मन उडालं. आता वय झालं. तिला एकटीला ते घर झेपणारही नाही. आपल्याकडे आणू तिला. "आणू की," वंदना म्हणायची, आणि नजर हॉलमधल्या दिवाणाकडे जायची. तिचीही चूक नव्हती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणखी एक माणूस म्हणजे बाल्कनीला काचा लावून तिथं त्याची गादी टाकावी लागणार. दोघं मिळून बाल्कनी मोजत होती, आणि जिच्यासाठी मोजत होती तिला अजून काहीच विचारलेलं नव्हतं.

घेणारा कल्याण. त्याच गावचा, हायवेला लागून जागा हवी असलेला, गाळे काढून भाड्यानं द्यायचं डोक्यात घेतलेला गडी. त्याच्यात लपवाछपवी नव्हती. बद्रीनाथनं सुरुवातीला म्हणून पाहिलं होतं की थोडी डागडुजी करून, भिंतींना हात फिरवून मग विकू. रीत म्हणून म्हटलं होतं. कल्याण हसला. "बिलकुल हात लावू नका, साहेब. एक टोपली मातीचा बी खर्चा करू नका. मला घर न्हाई पाहिजे, जागा पाहिजे. जसं हाये तसं द्या, एका दिवसात मोकळं करतो. फक्त आतून एकदा बघू द्या, लाकूड किती निघतंय ते." आतून बघायचं म्हणजे कुलूप काढायचं. श्रावणातले दिवस होते. काटा अजून कडीत होता. बद्रीनाथनं काय केलं, तर शालूला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, या आठवड्यात कुठं जाणार आहेस का. ती म्हणाली, बुधवारी भोकरदनला, अंगणवाडीचं प्रशिक्षण आहे, का रे? काही नाही, तो म्हणाला, सहज. बुधवारी तो आणि कल्याण गेले. भुरभुर पाऊस होता, गल्लीत कुणी नव्हतं, कौसल्याकाकूंचं दार लोटलेलं होतं. कल्याण उंबऱ्याशी जरा घुटमळला, म्हणाला, "चालतंय ना?" आणि बद्रीनाथ म्हणाला, "अरे, काय मनावर घेतो." फांदी त्यानं स्वतः काढून भिंतीला टेकवली. निघताना परत खोवली, आधी होती तशीच, डहाळी डावीकडे करून.

आतल्या वासानं दोघांनीही नाकाला रुमाल लावला होता. मधली तुळई मोडून चुलीवर आडवी पडली होती आणि तिच्याबरोबर माळवदाचा खाटेएवढा तुकडा खाली आला होता. वरून उजेडाचा झोत पडत होता आणि त्यातून पावसाचे थेंब. अण्णांची बाज चिखलात अर्धी गेली होती, तिचे वरचे दोन खूर तेवढे दिसत होते. कोपऱ्यात कणगीतल्या ज्वारीला मोड फुटून फिकट पिवळे कोंब वर आले होते, अंधारात उजेडाच्या दिशेनं माना वाकवून. कल्याण तुळयांना नख लावून बघत होता. बद्रीनाथ त्या भोकाकडे बघत उभा होता, आणि त्याला बरं वाटलं. खरं ते हेच. वाईट वाटायला हवं होतं, त्यानं वाट पाहिली, पण वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी म्हणू शकणार नव्हतं की दुरुस्त करा, राहू द्या, अण्णांचं घर आहे. घरानंच निकाल देऊन टाकला होता. त्या आनंदात तो इतका हलका झाला की परत जाताना राजूरला थांबून त्यानं भजी खाल्ली आणि वंदनासाठीही बांधून घेतली. हे सगळं आता तसंच्या तसं डोळ्यांपुढून जात होतं, आणि मध्येच तातेरावाची ती नजर येत होती, डोळे, हात, पाय. ताप-बीप? छातीत दुखणं? त्या बुधवारी शालू भोकरदनला फळ्यासमोर बसून वजन-उंचीचे तक्ते भरत असेल. त्या बुधवारनंतरही ती लोकांना सांगतच होती, बघून या, दादा बरा आहे का.

पूर्णेच्या पुलावरून गाडी गावात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. कापूस वेचून परतणाऱ्या बाया गल्लीच्या तोंडाशी बसल्या होत्या. घर समोरून तसं ताठच होतं. दारात काटा होता. कौसल्याकाकूंच्या पडवीशेजारी, भिंतीला लागून, खतांच्या गोण्या फाडून झाकलेला एक ढीग होता आणि गोण्यांच्या फटींतून गवत वर आलं होतं. पडवीत शालू सूप घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठली नाही, सूप तेवढं बाजूला केलं. वाळली होती. "आज कसा रे, मधीच?" ती म्हणाली, आणि लगेच, "गाडी हळू चालवत जा म्हनलं ना तुला."

चहा झाला. कौसल्याकाकू आतून येऊन उंबऱ्यात बसल्या. त्यांना उठा म्हणणार कोण, घर त्यांचं. बद्रीनाथनं बोलायला सुरुवात करायची म्हणून विचारलं, हा ढीग कसला. काकू म्हणाल्या, "कसला म्हंजे? माळवदाची माती हाये. तुमच्या अण्णांनी सांगून ठेवली व्हती, ते गेले आन् पंधरा दिवसांनी ट्रॉली येऊन पडली. तवापासून अशीच पडून हाये. आमचा अंगद म्हनला, शालूताई, मी शिडी लावून वरून टाकतो, आत थोडंच जायचंय? हिनं शिडीला धरून ठेवलं, चढू दिलं न्हाई पोराला. माळवद म्हंजे घरच म्हनली. दादाला जड हाये म्हनली. पाऊसभर हितं बसून बघत राह्यली बापा. पानी आत जायचं आन् हिच्या अंगावर काटा यायचा. मी म्हनलं अगं नको बघू, तिकडं तोंड करून नीज. तर न्हाई."

"काकू, असू द्या," शालू म्हणाली. मग त्याला म्हणाली, "आता पंधरवडा राह्यला. घर उघडलं की आदूगर मागली बाजू धरते. अंगद येतो म्हनलाय. तुला खर्चा न्हाई येऊ देत मी."

वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी कल्याणचं सांगायचं, मग बाल्कनीचं, तिथं ऊन कसं छान येतं ते. पण आता तोंड उघडलं तेव्हा सगळं एकदम बाहेर पडलं, उलटसुलट, आणि आवाज उगाच चढला. म्हणाला, घर विकायचं ठरवतोय, कल्याणला, आहे तसंच, तुझी सही लागेल. शालू नुसती ऐकत होती. तिच्या त्या ऐकण्यानं त्याला आणखीच जोर आला. म्हणाला, "आता काय दुरुस्त करतीस त्यात? काही राह्यलंय का? मधली तुळई चुलीवर येऊन पडलीय, अण्णांची बाज पार चिखलात गेली, कणगीतल्या ज्वारीला कोंब आलेत हातहात, आणि तू म्हणतीस मागली बाजू..."

तो थांबला. काकूंनी तोंडाला पदर लावला होता.

"मधली तुळई?" शालू म्हणाली. "मला वाटलं व्हतं मागली भित असंल. आवाज आल्ता मोठा, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मधली पडली व्हय?" ती समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली. त्या दारामागचं सगळं ती आत्ता, त्याच्या बोलण्यावरून, पहिल्यांदा बघत होती. मग म्हणाली, "तुला कोनी सांगितलं?"

कल्याणनं फटीतून बघितलं, असं म्हणता आलं असतं. ते उत्तर त्याच्या जिभेवर आलंही होतं. इतक्या महिन्यांत त्यानं इतकी उत्तरं तयार ठेवली होती की एकाची वाण पडली नसती. पण जीभ हलली ती भलतीकडेच. "मी गेल्तो आत."

"कवा?"

"श्रावणात. तू भोकरदनला गेल्तीस त्या दिवशी."

"काटा काढून?"

"हो."

आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडावं, काकूंसमोर, गल्लीसमोर. सूप अंगावर फेकावं. त्याला ते मनापासून हवं होतं. शालूच्या कपाळावर आठी पडली होती, आणि लहानपणी पाढा मध्येच अडला की ती जशी पडायची तशीच होती. काहीतरी ती मनात लावून बघत होती.

"मंग तुला काही झालं न्हाई?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई? तवापासून?"

"न्हाई, शालू."

"मंग मी माती टाकली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली.

ती हे त्याला म्हणाली नव्हती. काकूंनाही नाही. शेजारच्या त्या झाकलेल्या ढिगाकडे बघून ती म्हणाली, साध्या आवाजात, आणि मग तिनं सूप पुन्हा ओढून घेतलं. दोनदा पाखडलं. खडे वेचायला बोटं घातली, पण बोटं दाण्यांत तशीच राहिली. काकू रडत होत्या.

"विकून टाक, दादा," सुपातनं मान वर न करता ती म्हणाली. "सही कवा लागंल ते कळव. आन् मला न्यायचं-बियचं मनात आनू नको. मी हितं बरी हाये."

ज्यासाठी तो आला होता ते मिळालं होतं. घासाघीस झाली नाही, रडारड झाली नाही, बाल्कनीचं तर सांगावंही लागलं नाही. वंदना विचारील तेव्हा हो म्हणाली एवढंच सांगायचं. गाडीची किल्ली हातात घेऊन तो पडवीच्या कडेवर बसून राहिला. आता उठायला हवं होतं, आणि उठायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.